वही कुणी आणायची?



जून लागला की बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी बहुतेक दोनच कामांसाठी येते, बियाणं आणि शाळा. बियाण्याचं कर्ज बाई मोठ्यानं मागते. शाळेचं मागताना मात्र आवाज खाली येतो. "पोरांच्या वह्या-दप्तराला थोडे पाहिजे होते," असं काहीतरी पुटपुटल्यासारखं. कारण गावात सगळ्यांनी धरून ठेवलंय, जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे सगळं फुकट. मग हिला पैसे कशाला लागतात?

लागतात. ते कशाला लागतात, कोण भरतं आणि कुणी भरायला हवेत, एवढंच आज आपण बोलणार आहोत.

आधी शाळेतून काय मिळतं ते बघू. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मिळतात. बालभारती ती छापते आणि समग्र शिक्षा योजनेतून मुलांच्या हातात पडतात. गणवेश मिळतो. त्याला मुलामागे दोन जोडांचे वर्षाला ६०० रुपये धरलेले आहेत. दुपारचं जेवण मिळतं. आता दप्तर उघडून बघा. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, रंगखडू, पट्टी, मोठ्या वर्गाला कंपासपेटी, आणि खुद्द दप्तर. यातलं बहुतेक आईच्या पदराच्या गाठीतून आलेलं असतं.

हिशेब मांडू. तिसरीतल्या मुलीला सहा वह्या आणि सातवीतल्या मुलाला बारा, म्हणजे अठरा झाल्या. पंचवीस रुपयांची वही धरली तर ४५० रुपये. पेन्सिली, पेनं, रंग, कंपास मिळून दोनशे धरा. एक दप्तर मागच्या वर्षीचं शिवून चालेल, दुसरं नवं घ्यावंच लागेल. बघता बघता हजार ओलांडतात. निंदणीचा रोज तीनशे धरला तर चार दिवसांचा रोज त्यात गेला, आणि तोही पेरणीच्या तोंडावर, जेव्हा घरातला रुपयान् रुपया आधीच दुसऱ्या कशालातरी बांधलेला असतो.

ही अडचण सरकारला दिसली नाही असं नाही. २०२३-२४ मध्ये बालभारतीने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांमागे कोरी पानं घातली आणि पुस्तकं चार भागांत केली. गरिबाच्या मुलाला वही घ्यायला लागू नये आणि दप्तर हलकं व्हावं, असा त्यामागे विचार होता. तुमच्यापैकी अनेकींच्या घरी ती पुस्तकं आली असतील. पण मुलांच्या दप्तरात वह्या राहिल्याच. कोऱ्या पानांवर गृहपाठ लिहायचा का, ते पान तपासायला पुस्तक गुरुजींकडे ठेवलं तर घरी वाचायचं कशातून, असे प्रश्न उरले. पुढे सरकारनेच तो प्रयोग मागे घेतला. विचार चांगला होता असं आम्हाला अजूनही वाटतं. पण वहीचं काम वहीच करते.

आता कायदा काय म्हणतो? मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यातलं एक वाक्य आपण बायकांनी पाठच करायला हवं. त्याचा अर्थ असा, की ज्या खर्चापायी मुलाचं आठवीपर्यंतचं शिक्षण अडेल किंवा अर्धवट राहील, असा कोणताही खर्च त्या मुलावर टाकता येत नाही. यात फक्त फी येत नाही, खर्चही येतो. त्या कायद्याखाली केंद्राने २०१० मध्ये जे नियम केले, त्यांत तर सरकारी शाळेतल्या मुलाच्या हक्कात तीन गोष्टी नावानिशी लिहिल्या आहेत: पाठ्यपुस्तकं, लेखनसाहित्य आणि गणवेश. लेखनसाहित्य म्हणजे वही-पेन्सिलच की. पुस्तक आलं, गणवेश आला, मधली ही तिसरी गोष्ट मात्र वाटेत कुठेतरी गळून पडते आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. आपल्यालाच ती हक्काची वाटत नाही, तर दुसरं कोण विचारणार?

"मग गुरुजी काय करतात, शाळेला अनुदान येतं ना?" असं एका बैठकीत आम्हाला विचारलं गेलं. येतं. तेही मोजून बघू. समग्र शिक्षेत शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान असतं आणि ते पटावर ठरतं. तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, त्यापुढे शंभरापर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. आपल्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी शाळांचा पट तीसच्या आतला आहे. चोवीस मुलांची शाळा घ्या. दहा हजारांतले एक हजार स्वच्छतेचे गेले, राहिले नऊ हजार. मुलामागे वर्षाला ३७५, म्हणजे महिन्याला जेमतेम एकतीस रुपये. त्यातच विजेचं बिल, खडू, हजेरीपट, कागद, फळ्याची डागडुजी, कुलूप आणि नळाची तोटीसुद्धा. वहीला त्यात किती उरणार?

उरत नाही, म्हणून मास्तर-बाई पदरमोड करतात. एखादा गुरुजी दर सोमवारी खिशात चार पेन्सिली टाकून येतो. एखादी बाई स्वतःच्या पैशाने तक्ते, रंग, चिकटपट्टी आणते. हे कुणी कुठे लिहून ठेवत नाही. त्या शिक्षकांबद्दल आमच्या मनात आदरच आहे, पण त्यातली एक गोष्ट आम्हाला खटकते. पदरमोड गुपचूप झाली की कागदावर शाळेला काहीच कमी पडलेलं दिसत नाही. त्यांची बदली होते, नवे शिक्षक येतात, आणि पहिल्या महिन्यात कळतं की पेन्सिली शाळेच्या नव्हत्याच, त्या माणसाच्या होत्या.

आता या सगळ्याच्या मधोमध बसलेल्या पोराकडे वळू. वही भरलेली असते आणि घरी सांगायची हिंमत नसते, कारण काल रात्री तेलावरून भांडण झालेलं त्याने ऐकलेलं असतं. वर्गात विचारलं की ते म्हणतं, "विसरलो." दुसऱ्या दिवशीही "विसरलो." तिसऱ्या दिवशी पोटात दुखतं. शाळा बुडायला सुरुवात होते ती अशी, पंचवीस रुपयांवरून. "विसरलो" ऐकलं की आधी वही तपासावी आणि मग पोराला, असं आम्ही शिक्षकांनाही सांगतो आणि आयांनाही.

आणखी एक गोष्ट बैठकांमधून पुढे आली. गावात वह्या वाटणारे लोक असतात. कुणी वाढदिवसाला वाटतं, कुणी १५ ऑगस्टला. त्यांचे आभारच मानायला हवेत. पण या सगळ्या वह्या जून ते ऑगस्टमध्ये येतात, आणि त्या भरतात दिवाळीच्या आसपास. नोव्हेंबरात वाटप करायला कुणी येत नाही. खरी ओढ तेव्हाच असते. तेव्हा कुणी देणगीदार विचारायला आला, तर त्याला सांगायचं, "दादा, अर्ध्या आता द्या, अर्ध्या दिवाळीच्या सुट्टीनंतर." आणि ओळीत उभं करून, वही हातात देऊन फोटो काढण्यापेक्षा गठ्ठा शाळेच्या कपाटात द्या म्हणावं. फोटो हवाच असेल तर कपाटाचा काढा. पोरांना लाज कळते हो, पाचव्या वर्षापासून कळते.

कपाटावरून आठवलं, वर्गातली सामायिक पेटी. यात नवं काही नाही. एक पत्र्याचा डबा किंवा खोकं, आत पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, रंगखडू. ज्याला लागेल त्याने घ्यायचं, शाळा सुटताना परत टाकायचं. वह्यांचा छोटा साठा कपाटात असतो आणि वही भरली की भरलेली दाखवून नवी न्यायची. कुणाच्या आईने किती दिलं याची नोंद मुलांसमोर होत नाही. ज्या आया देऊ शकतात त्या थोडं जास्त देतात, एखादी पैशाऐवजी पेटीला कापडी कप्पे शिवून देते.

याला हरकत घेणाऱ्याही आहेत. "माझ्या पोरीची नवी पेन्सिल दुसऱ्याने चावायची का?" हा प्रश्न अगदी खरा आहे आणि त्याला हसून चालणार नाही. ज्या मुलाला आईने प्रेमाने घेतलेली वस्तू आहे, ती त्याच्याच दप्तरात राहू दे. पेटीत टाकायचं ते पेटीसाठी म्हणून घेतलेलं. नासधूस होईल, ही दुसरी शंका. पहिल्या महिन्यात होते. टोक करकरून पेन्सिल संपवणारा एक तरी वीर प्रत्येक वर्गात असतो. त्यालाच पेटीचा कारभारी करावा, असं आमच्यातल्या एका जुन्या बाईंचं मत आहे.

पेटीसाठी खरेदी मात्र एकेकटीने करू नये. वह्या डझनावर स्वस्त पडतात, पेन्सिली खोक्यावर. शाळा उघडायच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच गटाने शिक्षकांकडून यादी घ्यावी. कोणत्या वर्गाला एकेरी, कोणाला दुरेघी, कोणाला चौकटीची, किती पानी, हे सगळं नीट लिहून घ्यावं. नाहीतर बाजारातून आणलेली वही "ही नको, चौकटीची पाहिजे" म्हणून परत येते. मग तालुक्याच्या घाऊक दुकानातून एकदम माल आणावा. दुकानात एक विचारायचं विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर आणि रंगखडू यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे, आणि कंपासपेटीवरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीवर बोट ठेवून दुकानदाराला सरळ विचारा, आणि बिल घ्या. बिल पुढे कामी येतं.

शिकवायच्या साहित्याला तर सगळीकडे पैसेच लागतात असंही नाही. दहाचा गठ्ठा आणि एक सुटा, हे गणित ज्वारीच्या धाटाच्या काड्यांवर जितकं पक्कं होतं तितकं तक्त्यावर होत नाही. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, शिंप्याकडच्या चिंध्या, सगळं चालतं. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी वर्गाच्या फरशीवरच अक्षरं आणि आकडे रंगवले, मुलं खाली बसून हाताने शिकू लागली, आणि राज्यभरातले शिक्षक ते बघायला गेले. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. त्यातले माता गट घरातल्याच वस्तूंनी पहिलीत जाणाऱ्या मुलांची तयारी करून घेतात. तुमच्या गावात माता गट असेल, तर चिंचोक्यांची पिशवी भरायचं काम त्याला सांगा. आणि हो, शाळेला मिळालेली गणिताची पेटी असेल, तर ती उघडली आहे का तेही बघा. हरवेल या भीतीने काही ठिकाणी ती कुलपातच असते. वापरून हरवलेली मणीमाळ आम्हाला कुलपातल्यापेक्षा बरी वाटते.

पण चिंचोक्यांनी वही होत नाही. म्हणून शेवटचं आणि महत्त्वाचं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात. मुख्याध्यापक सचिव असतात, अध्यक्ष पालकांमधला असतो. नियमांप्रमाणे महिन्यातून एकदा तरी बैठक व्हायला हवी आणि तिचं इतिवृत्त लोकांना बघायला खुलं असायला हवं. अनेक ठिकाणी रजिस्टर सहीला घरी येतं आणि आपण चुलीपुढून उठून सही ठोकतो. ती सही कशावर केली, हे वाचायला दोनच मिनिटं लागतात.

समितीच्या हातात काय असतं, ते गणवेशावरून समजेल. २०२४-२५ मध्ये कापड वरून आलं आणि शिवायचं काम महिला बचत गटांकडे दिलं गेलं. बऱ्याच ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा समितीकडे आला. म्हणजे कापड कुठलं, शिवणार कोण, हे गावात ठरू शकतं. आपल्या गटात शिवणकाम करणाऱ्या बाया असतील, तर त्यांनी दर लिहून समितीपुढे ठेवावा.

वहीचंही तसंच. समिती शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा करते. त्यात दर वर्षी काय लागेल ते मांडायचं असतं. बैठकीत उभं राहून सांगायचं: आमच्या शाळेत इतकी मुलं आहेत, लेखनसाहित्य मिळालेलं नाही, गटाने इतक्याची खरेदी केली, शिक्षकांनी इतके घातले, ही बिलं. आणि म्हणायचं, "हे इतिवृत्तात लिहा." मग मागणीचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, त्याची प्रत ग्रामपंचायतीकडे, आणि पोचेवर शिक्का. शिक्षकांच्या पदरमोडीचा आकडाही त्यात यायला हवा. ते संकोचतील, नको म्हणतील. तरी लिहायचं.

पहिल्या वर्षी कदाचित काही मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी अर्ज तोच, फक्त तारीख नवी आणि सोबत मागच्या वर्षीच्या पोचेची प्रत. तोवर पेटी चालू ठेवायची आहे. दिवाळीनंतरच्या वह्यांची यादी सप्टेंबरच्या गट बैठकीतच घ्या, कारण ऑक्टोबरात सगळ्या जणी सोयाबीनच्या काढणीत असतील.