उन्हात वाढणारी साखळी

पोलाद उन्हात लांबतं. शंभर फुटी साखळीत एका अंश सेल्सिअसमागे पडणारा फरक जेमतेम ०.३५ मिलिमीटर. पण ती चारशे वेळा टाकून साडेसात मैल मोजायचे असतील, तर तापमानातल्या दहा अंशांच्या चुकीने सुमारे १.४ मीटरचा घोळ होतो. एप्रिल १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी भारताच्या त्रिकोणमापन मोहिमेसाठी मद्रासजवळ आधाररेषा मोजायला घेतली, तेव्हा त्यांचे दिवस या घोळाशी झगडण्यातच गेले. साखळी लाकडी पेट्यांत ताणून ठेवायची, वर तंबूची सावली धरायची, तापमापकांचा पारा वाचायचा आणि मगच ती पुढे सरकवायची. असे ५७ दिवस.

आधाररेषा म्हणजे त्रिकोणाची एक बाजू. ती नेमकी कळली, की दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीचे कोन मोजायचे. त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितातून मिळतात आणि त्यांच्यावर पुढचे त्रिकोण उभे राहतात. कोनात एका सेकंदाची, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाची चूक झाली, तरी पन्नास किलोमीटरवर पाव मीटरचा फरक पडतो. इतक्या नेमकेपणासाठी अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचं यंत्र, उंचावर चढवावा लागे. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलं आणि त्याचं अंशांच्या खुणांचं चक्र वाकलं. लॅम्बटन यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेतलं आणि सुमारे सहा आठवडे खपून ते चक्र पूर्ववत केलं. मला या साऱ्या मोहिमेत हे सहा आठवडेच सर्वांत थोर वाटतात.

कोन मोजायचे ते दूरच्या डोंगरमाथ्यावर धरलेल्या झेंडीकडे पाहून. कोरड्या हवेत धुरळ्यामुळे ती दिसत नसे. पावसाने हवा धुतली, की ती स्पष्ट दिसे. पण जंगलात ताप पसरे तोही त्याच दिवसांत. झाडं तोडणारे, यंत्रं वाहणारे आणि झेंडी घेऊन डोंगरमाथ्यावर दिवसचे दिवस ताटकळणारे खलाशी, म्हणजे मोजणीचे मजूर, त्या तापाने पडत. लॅम्बटन स्वतः काम करता करता २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या विदर्भातल्या हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

त्यांच्यानंतर सूत्रं हाती घेतलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी रात्रीचा फायदा ओळखला. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा थंड आणि दाट होते, त्यामुळे प्रकाशकिरण खाली वाकतात आणि दिवसा आडोशाला लपलेलं दूरचं ठिकाणही नजरेच्या टप्प्यात येतं. मग झेंडीच्या जागी दिवे आले आणि मोजणीदाराचं मुख्य काम अंधार पडल्यावर सुरू होऊ लागलं.