अपडेट वारंवार अयशस्वी का होते? : गैरसमज आणि वस्तुस्थिती

संगणकाच्या कार्यप्रणालीत, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ आज्ञासंचात, प्रसिद्धीनंतर आढळलेल्या चुका आणि सुरक्षेतील उणिवा दूर करण्यासाठी निर्माती कंपनी वेळोवेळी ज्या दुरुस्त्या पाठवते, त्यांना ‘अपडेट’ म्हणतात. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टची मुख्य सुरक्षा-दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होते. वेळेतील फरकामुळे भारतात ती मंगळवारी रात्री उशिरा उपलब्ध होत असल्याने कार्यालयांतील यंत्रांना तिची चाहूल बुधवारी सकाळी लागते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयनानगरसारख्या डोंगरी वस्तीत शाळा, सेवा केंद्रे आणि लहान कार्यालये यांतील जुन्या संगणकांवर ही दुरुस्ती अयशस्वी झाली, की ‘नेट मंद आहे’, ‘व्हायरस शिरला’ किंवा ‘फॉरमॅट मारावा लागेल’ यांपैकी एक निदान ठरलेले असते. या निदानांत क्वचित तथ्य असले, तरी त्यांचा समान दोष असा की ती अपडेटला एकच क्रिया मानतात. वस्तुतः यंत्र आधी आपल्याला काय हवे याचा शोध घेते, मग फायली उतरवून घेते, नंतर त्या बसवते आणि शेवटी रीस्टार्टच्या वेळी बदल पक्का करते. ही साखळी कोणत्या कडीपाशी तुटली हे ठरवल्याशिवाय केलेला प्रत्येक उपाय अंदाजपंचे ठरतो.

मंद इंटरनेट हे अपयशाचे कारण असते, हा पहिला आणि सर्वांत रूढ समज. विंडोजमध्ये पार्श्वभूमीत फायली उतरवणारी एक स्वतंत्र सेवा असते आणि जोडणी तुटल्यास ती जिथे थांबली तिथून पुढे काम सुरू करते. त्यामुळे पावसाळ्यात टॉवर वारंवार बंद पडला तरी अपडेटला विलंब होतो, पण केवळ तेवढ्याने ते सहसा अयशस्वी होत नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’, म्हणजे डेटा मोजून वापरण्याची जोडणी, असे ठरवून ठेवले असेल, तर विंडोज मोठ्या फायली उतरवण्याचे टाळते; हेही अपयश नसून वापरणाऱ्यानेच पूर्वी कधीतरी दिलेल्या सूचनेचे पालन असते. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या ‘अपडेट कॅटलॉग’ या संकेतस्थळावरून केबी क्रमांकाने, म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला दिलेल्या ओळख-क्रमांकाने, हवी ती फाइल शोधून पाटण किंवा कऱ्हाड येथील चांगल्या जोडणीवर उतरवून पेनड्राइव्हने आणता येते, हे फारसे कोणाला माहीत नसते.

जोडणीवर आळ येतो तेव्हा पुष्कळदा खरा दोषी संगणकाचे घड्याळ असते, आणि या भागाच्या परिस्थितीशी त्याचा जवळचा संबंध आहे. डेस्कटॉप संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची बॅटरी असते, जी यंत्राला वीज नसताना घड्याळ चालू ठेवते; मुख्य वीजपुरवठा जोडलेला असेपर्यंत यंत्र बंद असतानाही घड्याळ त्या पुरवठ्यावर चालते आणि बॅटरी फारशी खर्च होत नाही. विजांच्या भीतीने रोज संध्याकाळी भिंतीवरचा मेन स्विच बंद करण्याची पद्धत जिथे आहे, आणि जिथे मुसळधार पावसात फांदी पडून वीजवाहिनी तासन्‌तास बंद राहू शकते, तिथे ही बॅटरी लवकर संपते. मग यंत्र चालू होताच त्याची तारीख काही वर्षे मागे जाते. अपडेट पुरवणाऱ्या सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र एका ठरावीक मुदतीपुरतेच वैध असते, त्यामुळे मागे गेलेल्या घड्याळाच्या दृष्टीने ते अजून सुरूच झालेले नसते. परिणामी यंत्र सुरक्षित जोडणी नाकारते आणि पडद्यावर मात्र जोडणीचा दोष दिसतो. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप दुरुस्त होईल, ही अपेक्षाही येथे फोल ठरते, कारण स्वतंत्र संगणकावरील विंडोजची वेळसेवा नेहमीच्या मांडणीत १५ तासांपेक्षा अधिक फरक आढळल्यास दुरुस्ती करीत नाही. तारीख हाताने बरोबर करणे हा तात्पुरता उपाय झाला. कायमचा उपाय म्हणजे अल्प किमतीची ती ‘सीआर २०३२’ बॅटरी बदलणे.

या संदर्भात वीजपुरवठ्याविषयीचा एक स्थानिक समजही तपासण्याजोगा आहे. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट असल्याने धरणाच्या पायथ्याशी वसलेल्या गावात विजेची तक्रार असूच नये, असे बाहेरच्या माणसाला वाटते. परंतु प्रकल्पाची बहुतांश वीज सह्याद्रीच्या पश्चिम बाजूला पोफळीच्या परिसरात तयार होऊन उच्चदाबाच्या जाळ्यात जाते, आणि गावातील घरे व कार्यालये सामान्य वितरण-वाहिन्यांवरच अवलंबून असतात. त्या वाहिन्यांना पाऊस, वारा आणि झाडे यांचा जो त्रास इतर डोंगरी गावांत होतो, तोच येथेही होतो. म्हणून अपडेटच्या दिवशी यूपीएस चालू स्थितीत आहे की नाही, हे येथे इतर कोणत्याही ठिकाणाइतकेच पाहावे लागते.

मात्र अपडेट चालू असताना वीज गेली की संगणक निकामी होतो, ही भीती बव्हंशी अतिरंजित आहे. विंडोज नव्या फायली जुन्या फायलींच्या शेजारी ठेवून बदलाची नोंद करीत पुढे जाते, आणि मध्येच व्यत्यय आला तर पुढच्या वेळी चालू होताना अपुरे राहिलेले काम पूर्ण करते किंवा केलेले बदल मागे घेते. बदल मागे घेत असल्याचा जो संदेश पडद्यावर दिसतो, तो बिघाडाचा नसून बचावाचा असतो. त्या वेळी घाबरून पुन्हापुन्हा पॉवरचे बटण दाबणे हेच अधिक घातक. या नियमाला खरा अपवाद मदरबोर्डच्या फर्मवेअरचा, म्हणजे बायोसचा आहे. त्याचे अपडेट चालू असताना वीज गेल्यास अनेक यंत्रे खरोखरच चालू होईनाशी होतात, म्हणून ते काम पावसाळी दिवशी यूपीएसशिवाय हाती घेऊ नये.

चौथ्या कडीविषयीचा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. ‘संगणक रोज बंद होतो, म्हणजे रीस्टार्ट होतच असतो’ असे समजले जाते. पण २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे, जिच्यामुळे साध्या ‘शट डाउन’ने कार्यप्रणालीचा गाभा पूर्णपणे बंद न होता डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा उचलला जातो. नव्याने आरंभ होतो तो ‘रीस्टार्ट’नेच. दुरुस्ती प्रलंबित असताना मेनूत ‘अपडेट अँड रीस्टार्ट’ आणि ‘अपडेट अँड शट डाउन’ असे पर्याय दिसतात. ते डावलून कायम साधे ‘शट डाउन’ निवडणाऱ्या, किंवा काम अर्धवट असतानाच मेन स्विच ओढणाऱ्या कार्यालयात महिनोन्‌महिने काहीच पक्के होत नाही आणि दोष मात्र अपडेटला दिला जातो.

पडद्यावर दिसणारा त्रुटी-क्रमांक म्हणजे रोगाचे नाव, हा समज शिकलेल्या तंत्रज्ञांतही आढळतो आणि त्याचे सर्वांत बोधक खंडन ९ जानेवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘केबी ५०३४४४१’ या दुरुस्तीने केले. विंडोज १० साठीची ही दुरुस्ती ‘रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे यंत्र चालू न झाल्यास त्याची डागडुजी करणारी छोटी पर्यायी प्रणाली, हिच्यातील उणीव भरून काढणारी होती. त्या उणिवेमुळे बिटलॉकर हे डिस्क-कुलूप चुकवता येत होते. जगभरातील असंख्य यंत्रांवर ती ‘८००७०६४३’ या आकड्यांनी संपणारा क्रमांक दाखवून अयशस्वी झाली. तो क्रमांक केवळ ‘बसवताना अपयश आले’ एवढेच सांगतो, तर खरे कारण रिकव्हरीच्या लपलेल्या विभाजनात पुरेशी जागा नसणे हे होते. जागेच्या कमतरतेचा योग्य संदेश न दिसता हा सर्वसाधारण क्रमांक दिसतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच मान्य केले आणि ते विभाजन २५० मेगाबाइटने हाताने वाढवण्याची कृती प्रसिद्ध केली. ज्या यंत्रांत अशी रिकव्हरी प्रणालीच नव्हती, त्यांना या दुरुस्तीची गरजही नव्हती, तरीही त्यांना ती देऊ केली जात होती आणि ती तिथेही अयशस्वी होत होती. सी ड्राइव्हवर शंभर जीबी रिकामी असताना ‘जागा नाही’ हे कारण कोणाला सुचणार? अशा वेळी फॉरमॅट मारणाऱ्यांचे श्रम बहुधा वायाच गेले, कारण नव्याने घातलेल्या विंडोजमध्येही ते विभाजन लहानच राहण्याची शक्यता होती.

फॉरमॅटच्या अलीकडचा लोकप्रिय उपाय म्हणजे ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’ हे फोल्डर पुसणे. त्यात उतरवलेल्या फायली आणि अपडेटच्या नोंदी असतात, त्यामुळे दोष दुसऱ्या कडीत, म्हणजे अर्धवट किंवा बिघडलेल्या डाउनलोडमध्ये असेल, तर हा उपाय गुणकारी ठरतो. त्यासाठी अपडेटची सेवा आधी थांबवावी लागते आणि फोल्डर पुसण्यापेक्षा त्याचे नाव बदलणे शहाणपणाचे असते. दोष तिसऱ्या कडीत असेल, तर मात्र तेच फोल्डर दहादा पुसूनही फरक पडत नाही. विंडोज आपल्या सर्व घटकांच्या मूळ प्रती एका भांडारात ठेवते, आणि ते भांडारच खराब झाले असेल तर नवी दुरुस्ती कशावर बसवावी हे यंत्राला कळत नाही. ‘डिस्म’ ही आज्ञा भांडार दुरुस्त करते आणि ‘एसएफसी’ ही आज्ञा त्या भांडारातील प्रतींवरून चालू प्रणालीच्या फायली तपासून सुधारते. म्हणून आधी डिस्म आणि नंतर एसएफसी हाच क्रम योग्य होय. उलट क्रमाने दोन्ही आज्ञा चालवून ‘काही उपयोग नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा बिघडलेल्या प्रतीवरून दुरुस्तीची अपेक्षा केलेली असते. याही पुढे जाऊन, वापरकर्त्याच्या फायली आणि प्रोग्राम जागेवर ठेवून विंडोज स्वतःवरच पुन्हा बसवण्याची सोय आहे, त्यामुळे फॉरमॅट हा खरोखरच शेवटचा उपाय उरतो.

वर्षभर अपडेट झाले नाही म्हणून बारा महिन्यांच्या बारा दुरुस्त्या एकेक करून घालाव्या लागतील, ही चिंताही अनाठायी आहे. विंडोज १० पासून मासिक दुरुस्ती संचयी असते, म्हणजे ताज्या दुरुस्तीत मागील महिन्यांच्या दुरुस्त्या सामावलेल्या असतात. विंडोज ११ च्या ‘२४एच२’ आवृत्तीत मधूनमधून टप्प्याच्या दुरुस्त्या येतात, म्हणून कॅटलॉगमधून फायली आणताना तेवढ्या सोबत घ्याव्या लागतात, इतकाच अपवाद.

वारंवारच्या अपयशाला कंटाळून अपडेट कायमचे बंद करणारेही आहेत, आणि जुनी मराठी टंकलेखन प्रणाली किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालेनासे होईल ही त्यांची धास्ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. परंतु त्यासाठी पाच आठवड्यांपर्यंत अपडेट पुढे ढकलण्याची सोय विंडोजमध्ये आहे, आणि तेवढ्या काळात संबंधित पुरवठादाराकडून खात्री करून घेता येते. कायमच्या बंदीची किंमत किती मोठी असू शकते, हे २७ जून २०१७ रोजी महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर दिसले. ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक बंद पाडले आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. या प्रोग्रामने पसरण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक वाट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ च्या दुरुस्तीनेच बंद केलेली होती. अर्थात चित्र एवढे सरळ नव्हते: चोरलेल्या पासवर्डच्या आधारे तो दुरुस्त यंत्रांतही शिरत होता, आणि त्याचा प्रथम प्रवेश तर युक्रेनमधील एका हिशेब-प्रोग्रामच्या दूषित अपडेटमधूनच झाला होता. तरीही त्यावरून सर्वच अपडेट बंद ठेवण्याचे समर्थन होत नाही, कारण विंडोजची उणीव उघडी ठेवल्याने दुसऱ्या प्रोग्रामच्या दूषित अपडेटपासून कोणतेही संरक्षण मिळत नाही.

आता एक नवा गैरसमज या यादीत येऊन बसला आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा योजनेत नोंदणी केलेल्या घरगुती यंत्रांना त्यानंतर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच दुरुस्त्या मिळतात, आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चिप नसलेल्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. नोंदणी न केलेल्या अशा यंत्रावर अपयशाचे संदेश येणे एके दिवशी थांबते आणि ‘मशीन सुधारले’ असे समजले जाते. वस्तुतः त्यासाठी मासिक सुरक्षा-दुरुस्तीच निघत नसल्याने अयशस्वी होण्यासारखे काही उरलेले नसते.