पडीक बांधी यादीतून जाते कुठे?

आंधळगावच्या शेतकऱ्याला धान खरेदी केंद्रावर नोंदणीसाठी सातबारा लागतो. त्या एका कागदात दोन नोंदवह्या आहेत. गाव नमुना सात सांगतो जमीन कोणाची, गाव नमुना बारा सांगतो तिच्यात काय पेरलं. दोन्ही जुळतात गट क्रमांकावर. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या रिलेशनल मॉडेलमध्ये तक्ते असेच जोडतात. त्या जोडणीला 'जॉइन' म्हणतात.

नुसत्या गट क्रमांकाने भागत नाही. गट 112 आंधळगावच्याच मोहाडी तालुक्यातल्या कितीतरी गावांत सापडेल, म्हणून गावाचा कोडही जुळायला हवा. त्यात एकाच बांधीत खरिपाला धान, मागून लाखोळी, आणि दरवर्षी नवी नोंद. म्हणजे वर्ष आणि हंगामही आले. प्रोग्रामर मॉडेलमध्ये 'गटाची पिकं' हे नातं लिहितो, तेव्हा या अटी त्या नात्यातच घालता येतात: रेल्स या साधनात 'स्कोप' देऊन, एसक्यूएलअल्केमी या साधनात 'प्रायमरीजॉइन' लिहून.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती पहिल्यांदा कळते तेव्हा माणूस थक्क होतो. समजा, गावातले सगळे गट हवेत, सोबत 2024 चं खरीप पीक, असेल तर. त्यासाठी एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत 'लेफ्ट जॉइन' वापरायचा. 'वर्ष 2024, हंगाम खरीप' ही अट जोडणीच्या 'ऑन'मध्ये लिहिली, तर त्या वर्षी पडीक राहिलेला गटही यादीत येतो, पिकाचा रकाना तेवढा रिकामा. तीच अट, अक्षरही न बदलता, 'व्हेअर'मध्ये नेली की पडीक गट यादीतून गायब!

कारण क्रमात आहे. 'ऑन' जोडताना तपासतो. जोडीदार सापडला नाही, तरी 'लेफ्ट जॉइन' डावीकडची, म्हणजे गटाची, ओळ राखून ठेवतो. 'व्हेअर' जोडणी झाल्यावर चाळतो. तेव्हा एकही पीकनोंद नसलेल्या पडीक गटाच्या वर्षाच्या जागी 'नल', म्हणजे रिकामी किंमत, असतं, आणि 'नल बरोबर 2024 का?' याचं उत्तर हो नाही, नाहीही नाही. एसक्यूएल त्याला 'अज्ञात' म्हणतं, आणि 'व्हेअर' फक्त 'हो'लाच आत घेतो. फक्त आदल्या वर्षीच्या धानाशी जोडला गेलेला गटही गळतो: वर्ष 2023 निघतं, ओळ बाद.

म्हणूनच नात्यात लिहिलेली अट मला इतकी आवडते. रेल्समध्ये 'लेफ्ट आउटर जॉइन्स' मागितला, की स्कोपमधली अट आपोआप 'ऑन'मध्ये जाऊन बसते. पडीक क्षेत्र मोजायचं असेल, तर त्याच जोडणीत पिकाचा रकाना 'नल' असलेल्या ओळी मागायच्या.