पुणे-नागपूर विमानाचा अर्धा तास जातो कुठे?

लोहगाव विमानतळ ते नागपूरचं सोनेगाव विमानतळ, सरळ रेषेत मोजलं तर सुमारे ६०५ किलोमीटर. मोटारीने हेच अंतर सातशेच्या वर जातं, आणि रेल्वे दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेत जवळपास ९०० किलोमीटर धावते. जेट विमान उंचावर ताशी ८०० किलोमीटर सहज गाठतं. शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर पाऊण तासात नागपूर यायला हवं. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास छापलेला असतो.

तिकिटावरची ती वेळ मुळात उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या टोकाला ते जागेवर थांबलं की बंद. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, आपली पाळी येईपर्यंत ताटकळणं, हे सगळं त्यात धरलेलं. त्यातून लोहगाव हा हवाई दलाचा तळ; लढाऊ विमानांचा सराव चालू असला की प्रवाशांच्या विमानाने थांबायचं. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. विमान ‘वेळेवर’ पोहोचलं असं म्हणता येतं, ते याच्या जोरावर.

उरलेला हिशेब आकाशातला. विमानाला ११ किलोमीटर उंची गाठायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि तोवर ते दोनशेहून थोडं अधिक अंतर कापतं. उतरताना वैमानिकांचा ठोकताळा असा: दर हजार फुटांसाठी तीन सागरी मैल. ३५,००० फुटांवरून उतरायचं तर १०५ सागरी मैल, म्हणजे १९५ किलोमीटर आधीच उतरणीला लागावं लागतं. म्हणजे ६०५ किलोमीटरांतलं सपाट, भरधाव उड्डाण जेमतेम दोनशे किलोमीटरांचं. हवाई सुंदरी चहाची ट्रॉली इतक्या घाईने का ढकलते, ते यावरून कळावं. त्यात १०,००० फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, याच्या आत ठेवण्याचा नियम.

खरी गंमत वाऱ्याची. हिवाळ्यात ११ किलोमीटर उंचीवर वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाणारं विमान लवकर पोहोचतं. पावसाळ्यात चित्र उलटतं. जून ते सप्टेंबर भारतीय द्वीपकल्पावर पूर्वेकडून येणारा जोरदार झोत असतो, पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. त्याचा गाभा १४-१५ किलोमीटर उंचीवर असतो, पण प्रवासी विमानांच्या उंचीवरही त्याचा जोर जाणवतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा एकदा पाठीशी आणि एकदा समोरून धरला, तर या मार्गावर सातेक मिनिटांचा फरक पडतो.

जमिनीलगत मात्र त्याच पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, अरबी समुद्रावरून येणारा. विमान वाऱ्याला तोंड देऊनच उडतं आणि उतरतं. लोहगावची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. त्यामुळे वारा जोरात असेल तर नागपूरचं विमान आधी पश्चिमेला झेपावतं आणि मग पूर्ण वळून विदर्भाच्या दिशेने निघतं, तेही वर समोरून येणाऱ्या वाऱ्यात. परतीच्या विमानाला मात्र वर पाठीशी वारा, आणि पूर्वेकडून आल्या आल्या समोर सरळ धावपट्टी.