पंखा फिरतो, मग बिघाड कुठे?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकरावीची परीक्षा नुकतीच आटोपलेला माझा पुतण्या भर दुपारी घरी आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "काका, मदरबोर्डच गेला असणार. आता नवा घ्यायचा तर बाबा नाहीच म्हणतील."

हा संगणक त्याने स्वतः जुळवला होता. काही भाग नवे, काही जुन्या बाजारातले, आणि एसएमपीएस एका मित्राच्या मोडीत काढलेल्या संगणकातला. दोन वर्षांची बचत आणि आजीने दिवाळीला दिलेले पैसे त्यात गेले होते. एरवी संगणक नीट चाले. लिहा, वाचा, गाणी ऐका, तक्रार नाही. पण एखादा मोठा खेळ सुरू केला की अर्ध्या मिनिटात पडदा काळा होई आणि यंत्र आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. रॅम खराब असेल म्हणून त्याने नवी रॅम आणली. पैसे गेले, दुखणे राहिले.

"एसएमपीएस तपासलास का?" मी विचारले.

"तपासला ना! हिरवी तार काळ्या तारेला जोडली, पंखा फिरला. मीटरने १२.१ व्होल्ट दाखवले. तो ठणठणीत आहे."

विद्यार्थी मित्रहो, त्याची खरी चूक या उत्तरातच होती. ती कोणती, हे कळण्यासाठी आधी ही पेटी काय करते ते पाहू.

पेटीच्या आत

एसएमपीएस म्हणजे स्विच्ड मोड पॉवर सप्लाय. घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. संगणकाला मात्र एकाच दिशेचा प्रवाह लागतो, आणि तोही १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा लहान दाबांचा. म्हणून पेटीत प्रथम चार डायोडांचा पूल प्रवाह एकाच दिशेचा करतो. या प्रवाहाने मोठी धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, भरतात. २३० हे वर्गमध्यमूळ मूल्य आहे. त्याला २ च्या वर्गमुळाने गुणले की शिखरमूल्य येते सुमारे ३२५ व्होल्ट. धारित्रे या दाबापर्यंत भरतात.

पुढे ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारो वेळा तोडतात आणि जोडतात. त्यामुळे रोहित्र फार लहान चालते. ५० हर्ट्झवर एवढीच शक्ती नेणारे रोहित्र उचलायला जड झाले असते. शेवटी पुन्हा एकदिशीकरण होते आणि पिवळ्या तारेवर १२, तांबड्यावर ५, नारिंगीवर ३.३ व्होल्ट मिळतात. या तिन्ही दाबांना पाच टक्क्यांची सूट असते. म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात.

एक करडी तारही असते. "सर्व दाब ठीक आहेत" असा निरोप ती मदरबोर्डला देते. हा निरोप थांबला की मदरबोर्ड काम सोडून देतो आणि दाब सावरल्यावर पहिल्यापासून सुरुवात करतो. पुतण्याच्या तक्रारीशी हे वर्णन जुळत नाही का?

एका वेळी एकच बदल

तरीही नुसत्या तर्कावर नवा एसएमपीएस आणला असता, तर रॅमचीच चूक आम्ही पुन्हा केली असती. म्हणून वहीत नोंद ठेवून एकेक शक्यता तपासली.

पहिली शंका उष्णतेची. पण रात्रभर बंद असलेला, थंडगार संगणक सकाळी सुरू करून लगेच खेळ लावला, तरी तो अर्ध्या मिनिटातच बंद पडला. म्हणजे तापणे हे तात्कालिक कारण नव्हे.

दुसरी शंका ग्राफिक्स कार्डाची. ते काढून मदरबोर्डवरच्या साध्या चित्रजोडणीवर संगणक चालवला, तर दोन तास काही झाले नाही. "सापडला चोर!" पुतण्या ओरडला. पण तेच कार्ड मित्राच्या संगणकात घातले, तर तिथे खेळ बिनबोभाट चालला. कार्ड निर्दोष. कार्ड नसताना मदरबोर्डही निर्दोष. दोघे एकत्र आले की बिघाड. मग दोघांना पोसणाऱ्याकडे बोट वळणारच.

आता मोजमाप. मीटरची टोके एका रिकाम्या जोडणीतल्या पिवळ्या आणि काळ्या तारेला लावली. नुसता संगणक चालू असताना १२.०. खेळ सुरू केला, ११.८. मग ११.५, क्षणभर ११.३, आणि पडदा काळा. शेवटी कॉलेजातला एक चांगला एसएमपीएस एका दिवसासाठी आणून जोडला. खेळ तासभर चालला, आकडा ११.९ च्या खाली गेला नाही.

पुतण्याची चूक आता ध्यानात आली असेल. पंखा फिरवायला दोन-तीन वॉट पुरतात. त्या परीक्षेत पेटी जिवंत आहे एवढे कळले, पण ती ओझे उचलू शकते का हे कळले नाही. बसून असलेल्या हमालाकडे पाहून तो पोते उचलेल की नाही, हे कसे सांगणार?

टाकीचा हिशेब

दोषी पेटी आम्ही एका जाणत्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे दिली. आतल्या दोन मोठ्या धारित्रांवर ६८० मायक्रोफॅरड छापलेले होते. त्याच्या मीटरने प्रत्येकी ८० च्या आसपास दाखवले.

याचा अर्थ काय? आपल्या गावांत नळाला पाणी ठराविक वेळीच येते. मधल्या वेळात घर टाकीवर चालते. विजेचेही तसेच आहे. एकदिश केलेल्या विजेची शिखरे सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी येतात. मधल्या काळात संगणक धारित्रांच्या टाकीवर चालतो.

ढोबळ हिशेब करू. दोन धारित्रे एकसरीत आहेत, म्हणून चांगल्या स्थितीत परिणामी धारिता ३४० मायक्रोफॅरड. साठलेली ऊर्जा, म्हणजे धारिता गुणिले दाबाचा वर्ग, याच्या निम्मी. ती येते सुमारे १८ ज्यूल. खेळ चालू असताना २०० वॉट लागतात असे धरा. १० मिलिसेकंदांत खर्च २ ज्यूल. १८ मधून २ गेले तर टाकीला पत्ताही लागत नाही.

आता सुकलेली धारित्रे घ्या. परिणामी धारिता ४० मायक्रोफॅरड, साठा जेमतेम २.१ ज्यूल. साध्या कामाला ५० वॉट, म्हणजे दर खेपेस अर्धा ज्यूल. भागते. पण खेळ सुरू झाला की २ ज्यूलची मागणी येते आणि पुढचे शिखर येण्याआधीच टाकी जवळजवळ रिकामी होते. दाब कोसळतो, करड्या तारेचा निरोप थांबतो. घरी दोघे असताना पुरणारी टाकी पाहुणे आल्यावर संपावी, तसे हे झाले.

धारित्रे सुकली का? त्यांच्यात ओलसर विद्युत् अपघटनी असते. उष्णतेने ते हळूहळू उडून जाते. तापमान दर १० अंशांनी वाढले की आयुष्य सुमारे निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. आमचा खानदेशी उन्हाळा, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेली पेटी, आणि पंख्याच्या जाळीवर जमलेला धुळीचा थर. तात्कालिक कारण नसलेली उष्णता मूळ कारण मात्र ठरली!

एक कडक सूचना

ही पेटी आम्ही उघडली नाही. खरे तर पुतण्या पेचकस घेऊनच बसला होता. "प्लग काढलाय काका, आता कसली वीज?" मी त्याचा हात धरला. प्लग काढल्यावर टाकीतले पाणी जाते का? चांगल्या धारित्रांतले १८ ज्यूल म्हणजे एक किलोचे वजन पुरुषभर उंचीवरून पडावे एवढी ऊर्जा, आणि तीही ३२५ व्होल्टवर. ती उतरवण्यासाठी आत रोध बसवलेले असतात, पण बिघडलेल्या पेटीतले रोध शाबूत आहेत याची हमी कोण देणार? बाहेरच्या १२ आणि ५ व्होल्टच्या तारांवर मोजमाप जरूर करा, शिक्षकांना जवळ बसवून करा. पेटीचे चार स्क्रू मात्र जाणत्या कारागिरासाठी सोडा.

पुतण्याने रॅमची पावती वहीत चिकटवली आहे आणि खाली लिहिले आहे, "न मोजता घेतलेली वस्तू." नवा एसएमपीएस बसला, संगणक बंद कप्प्यातून बाहेर आला, आणि मदरबोर्ड अजून तोच आहे.

हाच धडा तुम्ही घरच्या घरी पाहू शकता. थकलेला पेन्सिल सेल घ्या आणि मीटरने दाब मोजा. तो बराच चांगला दिसेल. आता मीटर तसाच ठेवून टॉर्चचा जुना, तारेचा बल्ब सेलला जोडा आणि आकडा किती घसरतो ते पाहा. नव्या सेलवर हाच प्रयोग करून दोन्ही नोंदी शेजारी लिहा. बारावीच्या पुस्तकातला अंतर्गत रोध तुम्हाला त्या दोन ओळींत भेटेल.