आधी नजर, मग अंग

पहाटे ५.३०. आमच्या डहाणूच्या वाडीशेजारी वडावर वटवाघळं परतू लागतात. पंखांचा पसारा मीटरभराहून मोठा. हे फळखाऊ वटवाघूळ छोट्या पाकोळ्यांसारखं आवाजाच्या पडसादावर उडत नाही. मोठ्या डोळ्यांनी बघतं, वासावर फळ शोधतं. मी वळणं न्याहाळत उभा राहतो: डोकं आधी फांदीकडे होतं, मग एक पंख खाली कलतो आणि अंग मागून येतं. माझ्या गेममधलं पात्र हेच आहे. रात्री चिकूच्या वाड्यांवरून उडणारं, खेळणारा कर्सर नेईल तिकडे वळणारं.

सकाळी ८. दुपारी विजेचा भरवसा नसतो, म्हणून अवघड काम आधी. इंजिन गोडो, २०१४ पासून मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे पडत नाहीत. कर्सरच्या जागेतून पात्राची जागा वजा केली की दिशा मिळते. कोन काढायला मात्र नुसता भागाकार पुरत नाही. समोरासमोरच्या दोन दिशांना तो सारखाच येतो. ‘एटॅन-टू’ हे फंक्शन आडव्या आणि उभ्या अंतरांची चिन्हं वेगवेगळी बघतं, म्हणून पूर्ण वर्तुळातला कोन सापडतो.

खरी गंमत डावीकडे उडताना. कोन १८० अंशांना संपतो आणि उणे १८० पासून पुन्हा सुरू होतो. तोंड १७० अंशांवर आणि कर्सर उणे १७० वर असेल, तर वळायचं फक्त २० अंश. साधी वजाबाकी ३४० सांगते आणि वटवाघूळ उलट्या बाजूने जवळजवळ अख्खी गिरकी घेतं. म्हणून फरक नेहमी उणे १८० ते १८० यांच्या आत आणून घ्यायचा. शिवाय डावीकडे तोंड झालं की चित्र पालथं दिसतं, ते उलटवायचं. कर्सर थेट अंगावर आला तर दिशाच उरत नाही आणि पात्र थरथरतं. तिथे आधीचाच कोन कायम ठेवायचा.

११ वाजता वळण्याचा वेग. पात्र एका फ्रेममध्ये कर्सरकडे फिरवणं एका ओळीचं काम आहे, पण मला ते अजिबात पटत नाही. त्यात जीव दिसत नाही. डोकं तत्काळ वळू दे, अंगाला सेकंदाला १८० अंशांची मर्यादा हवी. हा आकडा फ्रेमच्या कालावधीने गुणतो: सेकंदाला ६० फ्रेम असतील तर दर फ्रेमला ३ अंश, ३० असतील तर ६. गुणाकार गाळला, तर महागड्या लॅपटॉपवर वटवाघूळ चपळ आणि स्वस्त फोनवर सुस्त होईल. आमच्याकडची बहुतेक मुलं स्वस्त फोनवरच खेळतात. त्यांच्या वाट्याला कमी जिवंत प्राणी यावा, हे मला चालणार नाही.

दुपारी एसटीने तलासरीला, बहिणीकडे.

३.३०. भाची लॅपटॉपवर बसते. थोड्याच वेळात म्हणते, “मामा, हे नुसतं गरगर फिरतंय. चिकूपर्यंत जातच नाही!”

तिचं बरोबर आहे. वटवाघूळ सेकंदाला ३०० पिक्सेल उडतंय आणि १८० अंश, म्हणजे ३.१४ रेडियन, वळू शकतंय. वेग भागिले वळण्याचा वेग म्हणजे वर्तुळाची त्रिज्या: साधारण ९५ पिक्सेल. कर्सर या वर्तुळाच्या मध्यावर ठेवला, तर कितीही वळलं तरी ते भोवतीच घुमत राहणार. वळण्याची मर्यादा काढली की प्रश्न सुटतो, पण मग सकाळचं सगळं काम वाया. सकाळी पाहिलेलं आठवतं: तीव्र वळणावर ते पंख पसरून वेग मोडतं. तोंडाची दिशा आणि कर्सरची दिशा यांचा बिंदुगुणाकार घेतो. दोन्ही जुळल्या तर पूर्ण वेग, काटकोन किंवा त्याहून जास्त फरक पडला तर १००. त्रिज्या ३२ पिक्सेलवर येते. भाचीला पुन्हा बसवतो. वटवाघूळ पंख पसरतं, वळतं, चिकू घेतं. “आता खरं वाटतंय,” ती म्हणते आणि लॅपटॉप सोडत नाही.

रात्री ९, परत डहाणू. आता फोन. तिथे कर्सर नसतो, बोट असतं; ते उचललं की लक्ष्यच नाहीसं होतं, आणि टेकलेलं असताना वटवाघूळ त्याच्याखाली झाकलं जातं. म्हणून बोट पहिल्यांदा जिथे टेकेल तो मध्य धरायचा आणि तिथून ते सरकेल ती दिशा घ्यायची. बोट उचललं तर शेवटचा कोन ठेवून सरळ तरंगू द्यायचं. मध्यापासून किती सरकल्यावर दिशा मानायची, तो आकडा भाचीच्या अंगठ्यावरून ठरेल.