विषाणूचे पाठभेद आणि काळाचा हिशेब

जुन्या पोथ्यांचा संपादक पाठभेदांवरून पोथ्यांची वंशावळ लावतो. एका लेखनिकाची चूक पुढील नकलांत उतरते. म्हणून समान चुका असलेल्या पोथ्या एका कुळातील ठरतात. काहींच्या अखेरीस लेखनाचा शक नोंदलेला असेल, तर त्या वंशावळीला कालक्रमही लाभतो. जनुकीय क्रमांवरून उत्क्रांतीचा काळ ठरविण्याची रीत बरीचशी अशीच आहे.

बहुतेक सजीवांत हे बदल इतके मंद असतात की काही दशकांत ते नजरेत भरत नाहीत. एड्सच्या विषाणूची गोष्ट निराळी. त्याची संहिता साडेनऊ हजारांहून थोड्या अधिक अक्षरांची. पण नक्कल काढताना झालेली चूक दुरुस्त करण्याची सोय त्याच्यापाशी नाही. त्याच्या आवरणाच्या जनुकात हजार अक्षरांमागे वर्षाला सुमारे दोन-तीन बदल साचतात. साहजिकच नंतर घेतलेला नमुना मूळ पूर्वजापासून अधिक दूर गेलेला दिसतो. नमुन्यांची वर्षे आणि हे अंतर यांचा आलेख काढला, की रेषेच्या चढावरून बदलाचा वेग कळतो. तीच रेषा मागे नेली असता, अंतर शून्य होते तेथे पूर्वजाचा काळ सापडतो. वेग सर्व शाखांत सारखा नसल्याने उत्तर एका वर्षात न देता मर्यादांत देतात.

या गणिताला एका गंभीर आरोपाचा निवाडा करावा लागला. बेल्जियन काँगोत १९५७ ते १९६० या काळात दिलेल्या तोंडावाटेच्या पोलिओ लसीतून हा रोग माणसांत आला, असे एडवर्ड हूपर यांनी १९९९ साली ‘द रिव्हर’ या ग्रंथात मांडले. लसीवरील लोकांचा विश्वासच येथे पणाला लागला होता.

लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा, येथील दोन नमुने साक्षीला होते: १९५९ मधील रक्त आणि १९६० मधील, मेणात जतन केलेला लसिकाग्रंथीचा तुकडा. मायकेल वोरोबी व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यांची तुलना केली, तेव्हा दोहोंत दहा टक्क्यांहून अधिक अंतर आढळले. जगभर पसरलेल्या शाखेचा पूर्वज १९०८ च्या सुमारास, १८८४ ते १९२४ या मर्यादेत, होऊन गेला असे निघाले. लस त्यानंतर कित्येक दशकांनी आली. शिवाय ज्या भागातील चिंपांझींकडे बोट दाखविले गेले, तेथील विषाणू भिन्न शाखेचा असल्याचे २००४ मध्येच दिसले होते.

म्हणून रुग्णालयाच्या कपाटातील जुन्या नमुन्यावरची तारीख जपली पाहिजे. ती पुसली गेली, तर नमुना उरतो; त्याची साक्ष मात्र अर्धी होते.